प्रतिवादी क्रमांक एक

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुक्याच्या कोर्टात चिटपाखरू नसतं. एरवी मी या दिवसांत तुंबलेल्या कैफियती लिहून काढतो. यंदा फाइली कपाटात कोंडल्या, गाडी काढली आणि भाऊंना घेतलं. भाऊ म्हणजे आमच्या कोर्टाचे निवृत्त बेलिफ. समन्स, नोटिसा, मनाई हुकूम बजावण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. मला ते अजून ‘वकीलसाहेब’ म्हणतात आणि मी त्यांना भाऊ.

मी दिवाणी वकील. वीस वर्षं विहिरी, पाट आणि पाणंदी यांवरच माझं घर चालतंय. घटना ज्यांच्या हातून उतरली तो माणूसही कधीकाळी पाण्याच्याच एका दाव्यात प्रतिवादी होता, हे वाचलं होतं. पण त्या दाव्याच्या गावी कधी गेलो नव्हतो. बाबासाहेबांवर आपल्याकडे भाषणं उदंड होतात. त्यांत त्यांची वकिली मात्र एका वाक्यात उरकतात. ती जरा सावकाश बघायची, एवढाच बेत होता. साताऱ्याची त्यांची शाळा लहानपणापासून येता-जाता बघतोय, म्हणून ती वगळली.

दिवस पहिला : मुंबई

हायकोर्टालाही सुट्टी, त्यामुळे १८७८ साली पुरी झालेली ती काळ्या दगडाची गॉथिक इमारत ओव्हल मैदानाच्या बाजूने नुसती बघितली. बाबासाहेब १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि जुलै १९२३ मध्ये इथे सनद घेतली. सनदेच्या फीचे पैसे नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हे मी भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, “तुमची सनद कुणाच्या पैशानं झाली?” मामाच्या. मी विषय बदलला.

सनद मिळाली म्हणजे काम मिळतं असं नाही, हे प्रत्येक नव्या वकिलाला पहिल्या महिन्यातच कळतं. बॅरिस्टरला काम द्यायचं ते सॉलिसिटरने, आणि ‘अस्पृश्य’ बॅरिस्टरकडे ब्रीफ घेऊन जाणार कोण? मग मुफसलची म्हणजे मुंबईबाहेरच्या कोर्टांतली कामं, गरिबांचे फौजदारी खटले, अपिलं. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. पोटापाण्यासाठी १९२५ ते १९२८ बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. पुढे नाव झाल्यावरही कामं निवडली ती अशीच, हमखास हरायची. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने हेच उभे राहिले. खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. माझ्या बघण्यात असा वकील नाही जो नव्वद वर्षांपूर्वी ते वकीलपत्र घेता. मीही नसतं घेतलं.

संध्याकाळी परळच्या बीआयटी चाळीत गेलो. एक नंबरची चाळ, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्या. १९१२ ते १९३४ हा संसार इथे होता, म्हणजे अमेरिका, लंडन, बॅरिस्टरी, महाड, गोलमेज परिषद असं सगळं करून माणूस परत यायचा तो याच लांबलचक व्हरांड्यात. व्हरांड्यात कंदील लटकत होते, दोरीवर कपडे वाळत होते. दारातल्या एका आजींनी “कुठले?” विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चकलीची ताटली पुढे केली. भाऊ एरवी कुणाकडे पटकन काही खात नाहीत, बेलिफाची सवय. इथे दोन खाल्ल्या.

रात्री दादरला भाच्याकडे उतरलो. झोपताना एक गंमत लक्षात आली. सनद जुलै १९२३ ची आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला तो ४ ऑगस्ट १९२३ ला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असा तो ठराव. आपण ज्या कागदावर पुढे दहा वर्षं लढणार आहोत तो कागद तिकडे तयार होतोय, याची या नव्या वकिलाला तेव्हा कल्पना तरी असेल का?

दिवस दुसरा : महाड

मुंबई-गोवा रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना सांगायला नको, न केलेल्यांचा विश्वास बसणार नाही. वडखळला अलिबागचा फाटा लागला तेव्हा तिकडच्या चरी गावाची आठवण निघाली. खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, तिथल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या होत्या. भाऊ म्हणाले, “सहा वर्षं? खाल्लं काय त्यांनी?” याचं उत्तर मला देता आलं नाही. पुढे पंक्चर झालं. स्टेपनीत हवा नव्हती. हा दोष पूर्णपणे माझा.

महाडात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लॉजवर पिशव्या टाकून तसेच तळ्यावर गेलो.

चवदार तळं आपण चित्रात बघतो त्यापेक्षा घरगुती आहे. भोवती रस्ता, रस्त्यापलीकडे घरं, दुकानं, काठावर पायऱ्या आणि बाबासाहेबांचा पुतळा. हायकोर्टाच्या निकालात या तळ्याचं जे वर्णन आहे ते मी कधीचं घोकून ठेवलंय : चार ते पाच एकर, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची आणि मोजकी मुसलमानांची घरं, काठच्या पट्ट्या आणि घाट बऱ्याच ठिकाणी घरवाल्यांच्या मालकीचे. दिवाणी वकिलाला यात सगळा दावा दिसतो. पाणी कुणाचं, काठ कुणाचा आणि तिथवर जायची वाट कुणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. भाऊंनी पंचनाम्याला मोजतात तशी पावलं मोजत प्रदक्षिणा सुरू केली. तीन बाजू झाल्यावर चहावाल्याने हाक मारली आणि हिशेब सुटला.

घडलं ते थोडक्यात असं. बोले ठरावाला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं. कागदोपत्री. प्रत्यक्षात कुणी पाण्यापाशी फिरकलं नाही, कारण कुणाची छाती झाली नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, आणि २० तारखेला बाबासाहेबांमागून हजारोंचा जमाव तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जेवणाऱ्या, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. मग तळ्याची शुद्धी : एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून परत ओतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. माझा रस पुढच्या भागात. डिसेंबरात दुसरी परिषद आणि सत्याग्रह ठरला, तसे गावातले सवर्ण कोर्टात गेले. १२ डिसेंबर १९२७ ला नरहरी दामोदर वैद्य वगैरेंनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. प्रतिवादी : भीमराव रामजी आंबेडकर आणि इतर. दावा प्रातिनिधिक, म्हणजे प्रतिवादीत सगळा अस्पृश्य समाज आला. म्हणणं असं की तळं खाजगी, ‘चौधरी तळं’, आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. दोन दिवसांत, १४ तारखेला, तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळालासुद्धा. दोन दिवसांत! माझ्या पक्षकारांना हे वाचून दाखवू नये.

मनाई हुकूम म्हटल्यावर भाऊंची कळी खुलली. “हुकूम बजवायला गेलं की माणूस पहिली शिवी कागदाला देतो, दुसरी मला. यांनी काय केलं?”

यांनी तो पाळला. २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने माणसं निघाली, दासगावला उतरून चालत महाडला आली. परिषदेला गावात जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ च्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण. मंडपातली हजारो माणसं तळ्यावर जायला उतावीळ होती. कलेक्टर हूड यांनी येऊन कोर्टाचा हुकूम समजावला. आणि मग ज्याच्या एका शब्दावर ही माणसं आली होती त्या माणसाने उभं राहून सांगितलं की दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

हा प्रसंग मला कायम छळतो. पाणी पिणं धाडसाचं खरंच. पण घरून शिदोरी बांधून आलेल्या, मार्चमध्ये मार खाल्लेल्या माणसांना ‘परत फिरा’ म्हणणं? एखादा नुसता पुढारी हे करणार नाही. हे वकिलाचं काम. मनाई हुकूम चुकीचा असला तरी तो कोर्टातच उठवायचा असतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. बाबासाहेबांचा त्या दिवशीचा हिशेब सोपा असावा : सवर्ण आपल्या विरोधात आहेतच, सरकार आणि कोर्टही अंगावर कशाला घ्यायचं? पटतं मला. तरी त्या मंडपात मी असतो तर कुठल्या बाजूने ओरडलो असतो, ते आज लॉजमध्ये बसून सांगणं खोटं ठरेल.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल १९३१ मध्ये प्रतिवादींच्या बाजूने लागला. वादी ठाण्याला अपिलात गेले, १९३३ मध्ये हरले. मग हायकोर्टात दुसरं अपील. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी तेही फेटाळलं : अनादी काळापासूनची वहिवाट शाबीत होत नाही. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे. एका ओंजळीच्या दाव्याला दहा वर्षं. तोवर प्रतिवादी क्रमांक एक कौन्सिलात गेला होता, तीन गोलमेज परिषदा करून आला होता, मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला होता.

रात्री खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट. मालकाने भिंतीवर २०२१ च्या पुराची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. सावित्री फुगली की महाडात पाणी कुणाला विचारून घरात शिरत नाही, असं तो म्हणाला. तो सहज बोलला. आम्ही दोघं मात्र थोडा वेळ गप्प झालो.

दिवस तिसरा : आंबडवे, वणंद, दापोली

सकाळी मी आवरून बसलो तरी भाऊ तयार नव्हते. “दाढी राहिलीय.” मी माझं रेझर पुढे केलं. “नको, दाढी मी दुकानातच करतो.” तळ्याजवळच्या गल्लीत एक सलून नुकतं उघडत होतं. भाऊ खुर्चीत बसले, मान मागे टेकली, डोळे मिटले. पोराने ब्रशने फेस केला, ब्लेड मोडून वस्तऱ्यात घातलं, दोनदा हात फिरवला, तुरटी लावली. पंधरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो. भाऊंनी मात्र डोळे उघडायची घाई केली नाही.

क्रांतिस्तंभ बघून मंडणगडच्या रस्त्याला लागलो. घाटवळणं, भातकापणी झालेली खाचरं, वाळणारा पेंढा. आंबडवे हे आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेब जन्मले महूला, १८९१ मध्ये, वडील पलटणीत होते म्हणून. गाव लहान, शांत. स्मारकात आमच्याशिवाय एक जोडपं आणि त्यांची दोन पोरं. पोरं बुद्धमूर्तीपुढे बसून एकमेकांना चिमटे काढत होती.

तिथून वणंद, रमाबाईंचं माहेर. इथे फार काही लिहीत नाही. परळच्या त्या दोन खोल्यांत ज्यांनी परदेशातल्या विद्यार्थ्याचा संसार ओढला, पोटची पोरं गमावली आणि राजगृहात राहायला गेल्यावर वर्ष-दोन वर्षांतच, २७ मे १९३५ ला, ज्या गेल्या, त्यांच्या गावात वकिलीचे दाखले काढायला मला लाज वाटली.

दापोली म्हणजे कॅम्प, पेन्शनर सुभेदारांची वस्ती. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले. रात्री सोलकढी पिताना लॉजच्या मालकाशी खोतीवर गप्पा झाल्या. त्याचे आजोबा कूळ होते. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला असायचा, वसूल करायचा, वेठ घ्यायचा. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते बाबासाहेबांनीच, महाडचा निकाल लागून सहा महिने झाले होते. विधेयक काही मंजूर झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या असेंब्लीवर गेला, तरीही नाही. खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. मालक म्हणाला, “म्हणजे हरलेच म्हणायचे.” मी म्हटलं, हरलेल्या विधेयकाचा मसुदा वाया जात नाही, तो कुणाच्या तरी टेबलावर राहतो. हे बोलताना मला स्वतःच्या हरलेल्या अपिलांची आठवण येत होती, हेही कबूल करतो.

दिवस चौथा : परतीचा रस्ता

पहाटे निघालो, मुंबईला पोचता पोचता दुपार झाली. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह रस्त्यावरून बघितलं. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. कर्ज काढून पुस्तकं घेणारे वकील मी पाहिलेत, पुस्तकांसाठी घर बांधणारा नाही. गाडी भाच्याच्या दारात लावली आणि राजधानी पकडली. भाऊ रात्रभर वरच्या बर्थवरून विचारत होते, “कोटा आलं का?”

दिवस पाचवा : दिल्ली

दिल्लीत धुरकं. जुनं संसद भवन, आता संविधान सदन, लांबून बघितलं. सेंट्रल हॉलच्या आत जायचं तर ओळखी लागतात, त्या आम्हाला नाहीत. जिथे घटना लिहिली जात असताना बाबासाहेब राहायचे ते हार्डिंज अव्हेन्यू म्हणजे आजचा टिळक मार्ग. रस्त्यांची नावं बदलणाऱ्यांना विनोद कळतो की नाही, सांगता येत नाही.

घटना समितीच्या या सभागृहात ते आले तेही आडवाटेने. जुलै १९४६ मध्ये मुंबईतून निवडून येणं शक्य नव्हतं, म्हणून बंगालमधून आले, जोगेंद्रनाथ मंडलांच्या मदतीने. फाळणीने ती जागा गेली. मग बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून जुलै १९४७ मध्ये आले, आता काँग्रेसच्या पाठिंब्याने. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी हे तिचे अध्यक्ष झाले. सात सभासद. टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात हिशेब मांडला : एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, एक-दोघं दिल्लीपासून लांब; ओझं पडलं ते एकट्या आंबेडकरांवर. तब्येत तेव्हा मधुमेहाने पोखरलेली. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मी एका कैफियतीच्या तीन दुरुस्त्यांना वैतागतो.

दुपारी सिव्हिल लाइन्सला गेलो, २६ अलीपूर रोड. मंत्रिपद सोडल्यावर ते इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथेच गेले. आता तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. बाहेर एका बाकावर बसून मी फोनवर घटनेचं पंधरावं कलम उघडलं आणि भाऊंना वाचून दाखवलं, मराठीतलं. दुसऱ्या पोटकलमातला (ख) : राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी नेमून दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक राबत्याच्या जागा, यांच्या वापराला जातीच्या कारणावरून कुणाला अडवायचं नाही.

“हे तर तळंच झालं की,” भाऊ म्हणाले.

माझंही तेच म्हणणं. ‘अंशतः’ हा शब्द बघा. तळं नगरपालिकेचं, पण काठचे घाट खाजगी, ही पळवाट ज्याने दहा वर्षं समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकली त्यालाच तो शब्द सुचणार, असं मी धरून चालतो. पुरावा मागाल तर नाही. बोल्यांच्या ठरावातही सरकारी पैशाची भाषा आहेच. पण ‘रस्ते’सुद्धा आलेत, आणि महाडला आम्ही चालून बघितलंय, रस्त्याशिवाय पाणी हाताला लागत नाही.

(ख) च्या आधी (क) आहे, दुकानांचं. २९ नोव्हेंबर १९४८ ला यावर चर्चा झाली तेव्हा मद्रासच्या नागप्पांनी विचारलं की दुकान म्हणजे काय, त्यात धोब्याचं येतं का, न्हाव्याचं येतं का? बाबासाहेबांनी उत्तर दिलं की येतं. हा शब्द नुसतं आत येऊ देण्यापुरता नाही, अटी मान्य झाल्या की सेवा मिळाली पाहिजे इतक्या रुंद अर्थाने वापरला आहे.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या गावात म्हशी भादरायचा न्हावी. आमची डोकी नाही. आबांचे केस चुलता करायचा, लोकर कातरायच्या कात्रीनं. मी नोकरीला लागलो, पहिला पगार झाला, तालुक्याला दुकानात जाऊन बसलो. तेव्हापासून घरी वस्तरा ठेवला नाही.”

महाडची ती पंधरा मिनिटं, आणि माझं घड्याळ बघणं.

भाऊंनी हनुवटीवरून हात फिरवला. दोन दिवसांचे पांढरे खुंट वाढले होते. “मेट्रोतनं उतरल्यावर डाव्या हाताला एक दुकान दिसलं होतं,” ते उठत म्हणाले. “तुम्ही बसा इथंच. मी येतो.”

मीही उठलो. माझीही वाढली होती.